मारबतीची सहा चित्रं: फोटो समोर ठेवून काढताना केलेल्या नोंदी

३ ऑगस्ट

काम असं आहे. एका दिवाळी अंकात मारबत आणि तान्हा पोळा यांवर लांबलचक लेख येतोय, त्याला सहा चित्रं हवीत. दोन पानभर, चार छोटी. छपाई फक्त काळ्या शाईत, कागद मॅपलिथो, म्हणजे चकचकीत लेप नसलेला साधा छपाईचा कागद. फाइली १५ सप्टेंबरपर्यंत द्यायच्या. मानधन बेताचं, कागद, शाई, येणं-जाणं सगळं त्यातच.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे: महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा ओरडा करत सगळं नेऊन जाळायचं. त्याच दिवशी तान्हा पोळा. पोट्टे लाकडी नंदी सजवतात आणि घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात.

त्या गर्दीत उभं राहून स्केच करणं शक्य नाही, उभं राहायलाच जागा नसते. म्हणजे फोटोवरून काढायचं. फोटोवरून मी बरीच पोर्ट्रेट काढली आहेत, पण ती एकेकट्या, खुर्चीत बसलेल्या माणसांची. गर्दी, वीस फुटी पुतळा आणि पावसाळा हे तिन्ही एकत्र नवीन आहे. तंत्रही अजून ठरलेलं नाही: निब, ब्रश, की शाईचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या शाईचा हात. करून बघू.

५ ऑगस्ट

गेल्या वर्षी फोनवर काढलेले फोटो उघडले. पिवळ्या मारबतीचा, अगदी पायाशी उभं राहून वर बघत काढलेला एक बरा वाटला. त्याची ए-फोर प्रिंट काढली, खिडकीच्या काचेवर चिकटवली, वर पातळ कागद लावून ट्रेस केलं आणि निबनं शाई केली.

चित्रात मारबत मागच्या मागे पडतेय. खांदे अरुंद, डोकं एवढंसं, आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाची पाठ तिच्या कमरेहून रुंद. फोटोत यातलं काहीच खटकत नव्हतं. फोनची नेहमीची लेन्स साधारण २४ ते २६ मिमीच्या तोडीची असते, म्हणजे चांगलीच वाइड. सगळं चौकटीत मावतं म्हणून आपण जवळ जाऊन फोटो काढतो, आणि जवळून काढलं की जवळचं अवाढव्य, लांबचं बारीक होतं. तो फोटो आहे हे डोळ्याला ठाऊक असतं म्हणून तो सांभाळून घेतो. रेघेच्या चित्राला तो इतकी सवलत देत नाही.

शिवाय ट्रेस केलेली रेघ मेलेली निघाली. बोटाची कड, साडीची कड, मागच्या इमारतीची कड, सगळ्या एकाच जाडीच्या. ट्रेसिंग वाईट असतं असं माझं मत नाही. पण कुठली कड महत्त्वाची आणि कुठली सोडून द्यायची हे ठरवायच्या आतच हात चालायला लागतो. यापुढे काचेवर फक्त खुणा करायच्या: डोक्याचं टोक, खांदे, पाय, क्षितिज. बाकी सगळं फोटो बाजूला ठेवून.

७ ऑगस्ट

फोटोवर आणि कागदावर सारख्याच चौकटी आखून, एकेक चौकट उतरवत एक नंदी काढला. प्रमाण अचूक, वेळ भरपूर. कागदावर पेन्सिलीनं आखलेल्या चौकटी खोडल्या तरी त्यांच्या खाचा राहिल्या, आणि वॉश दिल्यावर त्या खाचांत शाई बसून नंदीच्या अंगावर गजांची सावली पडल्यासारखं दिसलं. आता चौकट फोटोवर आखायची, चित्राच्या कागदावर फक्त कडेला बारीक खुणा. नंदीसारख्या स्थिर वस्तूला ही पद्धत छान आहे. माणसांना नाही, माणसं चौकटीत घातली की अकडतात.

१० ऑगस्ट

मेट्रोनं चितारओळी चौकात उतरले. गणपती २७ तारखेचा, त्यामुळे गल्लीत चालायला जागा नाही. मूर्ती वाळताहेत, वर प्लास्टिकच्या ताडपत्र्या, खाली चिखल. एका दुकानाच्या पायरीवर लाकडी नंदी विकायला मांडलेले. त्यांचे फोटो काढले: बाजूनं, तीन-चतुर्थांश, आणि गुडघ्यावर बसून पोराच्या डोळ्याच्या उंचीवरून. चाकाजवळ आस कसा बसवलाय तेही जवळून घेतलं. मागं एकदा आठवणीतून नंदी काढला होता, तेव्हा चाकं थेट पायांना जोडली होती. खरं तर नंदी पाटीवर उभा असतो आणि चाकं त्या पाटीला असतात.

शेजारच्या मूर्तिकार काकांनी बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, “ताई, एकाच नंदीचे इतके फोटो काढून काय करून राहिल्या? हातात घेऊन पाहा न.” घेतला. सागवानी, चांगला जड. तो उचलताना पोरगं दोन्ही हातांनी पोटाशी धरेल, एका हातानं दोरी धरून मिरवणार नाही, हे फोटोतून कधीच कळलं नसतं. छोट्या चित्रांतल्या एकाचं कंपोझिशन तिथंच बदललं.

काकांनी आणखी एक कामाचं सांगितलं. मोठी मूर्ती लोक खालून बघतात, म्हणून ते डोकं जरा मोठं करतात आणि किंचित पुढे झुकवतात. “समोरून फोटो काढला त मुंडकं मोठं वाटते. मांडवात बरोबर दिसते.” म्हणजे बघणारा कुठं उभा राहणार याचा हिशेब मूर्तीतच आधीपासून केलेला असतो. मी तो हिशेब न करता फोनला काढू देत होते.

१३ ऑगस्ट

आजचा दिवस कागदानं खाल्ला. घरात साधा कार्ट्रिज कागद होता, १४० जीएसएमचा (चौरस मीटरला १४० ग्रॅम वजनाचा), उन्हाळ्यात ज्यावर निब झकास चालली होती तोच. आज पहिली रेघ मारली आणि ती दोन्ही बाजूंना केसाळ झाली. निब बदलली, शाई बदलली, तेच. भिंगातून पाहिलं तर शाई धाग्याधाग्यानं पसरलेली, रेघेतून बारीक मुळं फुटल्यासारखी. हवेतल्या दमटपणानं कागद ओलसर झालेला, वरची खळ शाईला धरून ठेवत नव्हती. मे महिन्यात आपल्याकडं उलटा त्रास: शाई निबवरच वाळते.

कोरा कागद दोन वर्तमानपत्रांमध्ये ठेवून हलक्या इस्त्रीनं वाळवला. फरक पडला, पण तासाभरात पुन्हा तसंच. संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन ३०० जीएसएमचा कॉटन कागद आणला. हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत, चार ताव आणि कोल्ड प्रेस, म्हणजे दाणेदार, दोन ताव. ७२० रुपये. पोटात गोळा आला, पण रेघ स्वच्छ उमटली. ताव आता स्टीलच्या कपाटात, सोबत बूट-पर्समधून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या.

दुसरं: वॉटरप्रूफ शाई पूर्ण वाळल्यावरच वॉटरप्रूफ होते. वरून कोरडी दिसली म्हणून वॉश फिरवला आणि नंदीचा डोळा गालावर ओघळला. अशा हवेत रात्रभर ठेवायचं, नाहीतर हेअर ड्रायर.

१७ ऑगस्ट

भाच्याला नंदी देऊन अंगणात उभं केलं. वय सात, संयम शून्य. “मावशी, हात दुखून राहिला न, लवकर काढ.” त्याला हललास तरी चालेल असं सांगितलं आणि तिथून चांगले फोटो यायला लागले. पोझ घेतलेल्या फोटोंत तो नंदी धरून उभा आहे. कंटाळल्यावर काढलेल्यांत नंदीचं वजन मांडीवर आलंय, एक खांदा खाली गेलाय, बोटं पाटीखाली रुतलीत. अर्थात दुसरे घेतले.

हाताचे फोटो वेगळे, जवळून. अख्ख्या माणसाच्या फोटोत हात झूम केला की बोटांचा पिठलं-भात होतो. मग आपण बोटं मनानं काढतो, आणि मनानं काढलेली बोटं नेहमी सारख्याच लांबीची येतात.

शेजारच्या ताई कुंपणावरून म्हणाल्या, फोटो पाहून काढणं म्हणजे कॉपीच झाली ना? वाद घातला नाही. चेक चित्रकार अल्फोन्स मूखा पोस्टरसाठी मॉडेल उभी करून फोटो काढायचा. अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल माणसं जमवून, कपडे-सामान गोळा करून फोटोग्राफरकडून हवे तसे फोटो काढून घ्यायचा. त्यांच्या पद्धतीत घेण्यासारखं हेच आहे की आधी चित्र ठरतं, मग त्यासाठी फोटो काढला जातो. मी इतके दिवस उलटं करत होते: फोनमध्ये काय आहे ते बघून चित्र ठरवायचं.

म्हणून आज रात्री सहाही चित्रांचे काडेपेटीएवढे कच्चे आराखडे केले, एकही फोटो न उघडता. फक्त काळं, करडं, पांढरं. मारबतीच्या दिवशी काय काय टिपायचं त्याची यादी त्यातून निघाली.

२३ ऑगस्ट

मारबत. आकाश भरलेलं, मधूनच भुरभुर. सकाळीच चितारओळीला उतरून चालत आत शिरले. ढोल, गुलाल, चपला हरवलेली माणसं. यादी प्लास्टिकच्या पिशवीत.

यादीतलं काय जमलं: खांद्यावर बसलेली पोरं, गॅलऱ्यांतून वाकून बघणाऱ्या बायका, गाडा ओढणाऱ्यांच्या पाठी, दोरीला घातलेले पीळ, बडग्याच्या फाटलेल्या बाहीतून दिसणाऱ्या बांबूच्या कमच्या. काय नाही: दूरवरून अख्खी मारबत. रस्ता इतका अरुंद की मागे सरकायला जागाच नाही. एका दुकानदार काकांना विचारून त्यांच्या पहिल्या मजल्यावर गेले. तिथून पुतळा पूर्ण मिळाला, फोनच्या २एक्स, म्हणजे दुप्पट जवळ आणणाऱ्या लेन्सनं, प्रमाण सरळ. पण आता मी तिच्या छातीच्या उंचीवर होते, त्यामुळे तिचा दराराच गेला. ओळखीची बाई रस्त्यावरून चालल्यासारखी दिसते.

फोन खिशात टाकून थोडा वेळ नुसती बघत उभी राहिले, मग जिन्यात बसून कच्चं स्केच केलं. घरी येऊन पाहते तर स्केचमध्ये मारबत कागदाची वरची कड फोडून बाहेर गेलीय आणि माणसं तळाशी एक काळा पट्टा. एकाही फोटोत असं नाही. पानभर चित्र हेच होणार.

एका गल्लीतल्या बडगे करणाऱ्या पोरांना, तुमचा बडगा चित्रात घेऊ का, असं विचारलं. “घ्या न ताई, पण मिशी बरोबर काढजा.” मिशीचा वेगळा फोटो घेतला.

२४ ऑगस्ट

फोटो संगणकावर टाकले. अडचण उजेडाची. ढगाळ दिवशी उजेड चहूकडून येतो, सावली फक्त हनुवटीखाली आणि काखेत. त्यात फोनचं एचडीआर, म्हणजे उजेड आपोआप सावरणारी सोय, अंधारलेलं उजळवतं, उजळ दाबतं, सगळं एका पातळीवर आणतं. रंगीत फोटोत पिवळा-लाल-गुलाबी असल्यामुळे हे कळत नाही. कृष्णधवल केले आणि मारबत, मागची भिंत, लोकांचे चेहरे सगळे एकाच करड्यात बुडाले. माझं चित्र तर काळ्या शाईतच छापलं जाणार.

ज्यांना हेच करायचंय त्यांनी एचडीआर बंद करून, उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करून काही फोटो घ्यावेत. आणि फोनचा डिस्प्ले तिथंच कृष्णधवल करून बघावा. मला हे घरी सुचलं.

कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला. सावल्या आल्या, पण नको तिथं: गडद कपडे म्हणजे सावली नव्हे.

२८ ऑगस्ट

मूर्तिकार काकांचं हाताळून बघण्याचं बोलणं डोक्यात होतं. उजेड फोटोत नाही तर तो करायचा. एक फुटाची मारबत केली: झाडूच्या काड्यांचा सांगाडा, सुतळी, वर्तमानपत्राचे तुकडे, मैद्याची खळ. डोकं जरा मोठं, पुढे झुकवलेलं. नाक-डोळे जाडजाड, कारण इथं फक्त सावली कुठं पडते ते पाहायचं. वाळायला पंख्याखाली दोन रात्री. वरून पांढऱ्या पोस्टर कलरचा हात, म्हणजे रंगाचा घोळ नको.

माप असं धरलं: खरी वीस फूट, माझी एक फूट. म्हणजे खऱ्यातले वीस इंच इथं एक इंच. रस्त्यावर उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण पाच फूट, तेव्हा कॅमेऱ्याची लेन्स टेबलापासून तीन इंचांवर हवी. साठ फुटांवरून बघायचं तर टेबलावर तीन फूट मागे. इतवारीत साठ फूट मागे जायला मिळालं नव्हतं, इथं मिळालं. फोन सरळ धरला की लेन्स वर राहते, तीन इंचांवर येत नाही. उलटा धरा, लेन्स खाली येते. पुठ्ठ्याची सव्वातीन-साडेतीन इंची माणसं कापून पायाशी उभी केली.

खोली अंधारी करून टेबललॅम्प डावीकडून वर धरला. पहिल्या फोटोत चेहऱ्याचा अर्धा भाग काळा, नाटकातल्या खलनायकासारखा. दिवा पुढे आणला तर सपाट. मग दिवा थोडा मागे घेतला आणि उजवीकडे पांढरा कागद उभा केला, त्यावरून उजेड परतून सावलीच्या बाजूला गालाची कड दिसायला लागली. शेवटी जे जमलं त्यात दिवा डावीकडून, मारबतीच्या डोक्याहून बराच उंच: कपाळ उजळ, डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाची सावली ओठावर, आणि पसरलेल्या हाताची सावली खालच्या पुठ्ठ्याच्या माणसांवर. ती शेवटची सावली मी कल्पनेनं काढलीच नसती. तिनंच मारबत उंच झाली.

खर्च: मैदा घरचाच. वेळ मात्र बराच गेला, मध्ये गणपती आले, आरतीला मैत्रिणी जमल्या आणि टेबलावरची मारबत पाहून त्यांनी मला घरातली ईडा पीडा विचारली.

१ सप्टेंबर

गर्दीचं पानभर चित्र. सात-आठ फोटोंतून माणसं उचलून एकत्र बसवायची होती. पहिला आराखडा बिघडला: काही माणसं हवेत तरंगतात, काही खड्ड्यात उभी. कारण शोधायला वेळ लागला, पण साधं आहे. उभं राहून, डोळ्याच्या उंचीवरून, फोन सरळ धरून काढलेल्या फोटोत आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी एकाच आडव्या रेघेवर येतात, जवळची असोत की लांबची. लांबच्यांचे पाय फक्त वर सरकतात. ती रेघ म्हणजे क्षितिज. मी गॅलरीतून काढलेल्या फोटोतली माणसं रस्त्यावरच्या फोटोत मिसळली होती. वरून काढलेल्यांची टाळू दिसते आणि क्षितिज कुठच्या कुठे. गॅलरीतले सगळे बाद. राहिलेल्या प्रत्येक फोटोवर लाल पेननं क्षितिज आखलं, ती रेघ चित्राच्या रेघेला जुळवली आणि मगच माणूस ट्रेस केला, तोही खुणांपुरता.

उजेडही एकच धरला, टेबलावरच्या दिव्याचा. सगळ्यांच्या डाव्या खांद्यावर पांढरं सोडलं.

एक बाई मला उजवीकडं तोंड करून हवी होती, फोटोत डावीकडं होती. संगणकावर उलटवली. चित्र जवळजवळ पूर्ण झाल्यावर आईनं चष्मा लावून पाहिलं. “ही एकटी गुजराती काहून काढली?” पदर उजव्या खांद्यावर गेला होता. फोटो उलटवाल तर पदर, शर्टाची बटणं, घड्याळाचा हात, दुकानाच्या पाट्या एवढं तपासाच. पदर ब्लेडनं खरवडून पुन्हा काढला. ३०० जीएसएमचा कागद हे सहन करतो, पण खरवडलेल्या जागी शाई पसरते म्हणून तिथं निब नाही, कोरडा ब्रश.

चेहरे सगळे बदलले. मिरवणुकीतल्या माणसानं फोटोला हरकत घेतली नाही याचा अर्थ त्याला अंकात छापून यायचंय असा होत नाही. एकाचं नाक, दुसऱ्याची हनुवटी, तिसऱ्याचे केस. फोटोशी साम्य गेलं म्हणून चित्राचं काही बिघडत नाही, उलट बरी माणसं तयार होतात.

५ सप्टेंबर

संपादकांनी व्हॉट्सॲपवर जुन्या वर्तमानपत्रातला एक जबरदस्त फोटो पाठवला, खाली “अगदी असंच काढून द्या”. फोटो खरंच जबरदस्त: मारबत पेटलेली, पुढे काळ्या आकृत्या. पण तो कोणीतरी तिथं उभं राहून, तो क्षण गाठून काढलाय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं फोटोचा हक्क फोटोग्राफरचा किंवा त्याच्या वृत्तपत्राचा, आणि हातानं काढलं म्हणून तो हक्क संपत नाही. रस्त्यावर कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचं चित्र काढायला त्याच कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं, फोटोला नाही. (मारबतीला तरी कायमस्वरूपी कसं म्हणणार, ती संध्याकाळपर्यंत राख होते.)

संपादकांना फोन करून सांगितलं: परवानगी आणा, श्रेय छापा, मग काढते, नाहीतर माझं मी करते. त्यांनी परवानगीचं बघतो म्हटलं, म्हणजे नाही. मग गच्चीवर मातीच्या कुंडीत कागदाचे बोळे पेटवले, पुढे तीच पुठ्ठ्याची माणसं, आणि फोटो. पेटलेल्या गोष्टीपुढच्या माणसांचा मधला भाग ठार काळा, फक्त कडा उजळतात, आणि ज्वाळेला लागून असलेली कड तर विरघळूनच जाते. तिथं रेघ मारायचीच नाही, हे कळलं. पाण्याची बादली शेजारी होती, लागली नाही.

९ सप्टेंबर

तीन चित्रं निब आणि वॉशमध्ये पूर्ण. स्क्रीनवर सुंदर. छापखान्यातल्या ओळखीच्या दादांनी रात्री उरलेल्या मॅपलिथोवर एक प्रूफ काढून दिलं. वॉशचे सगळे करडे एक पायरी गडद झालेले. छपाईत करडा रंग काळ्या शाईच्या बारीक ठिपक्यांच्या जाळीनं दाखवतात; मॅपलिथो शाई पितो आणि ते ठिपके पसरतात. मारबतीच्या पायाशी मी जे पाच-सहा करडे मोठ्या प्रेमानं लावले होते ते सगळे मिळून एकच चिखल. बारीक हॅचिंगही, म्हणजे छटेसाठी मारलेल्या समांतर रेघा, जवळजवळच्या जागी भरून गेलंय.

दादा म्हणाले, “ताई, आमच्या मशीनले काळं अन् पांढरं कळते. मधलं दिलं त थोडं फिक्कं देत जा.”

वॉश रद्द. तीन चित्रं पुन्हा. जीवावर आलंय, पण खरं सांगायचं तर वॉश मला या विषयाला मवाळच वाटत होता.

१२ सप्टेंबर

नवी पद्धत: निब, भरीव काळा, आणि मधल्या छटेसाठी कोरडा ब्रश. झडलेला आठ नंबरचा ब्रश शाईत बुडवायचा, फडक्यावर जवळपास सगळी पुसायची, आणि आडवा धरून कागदावरून ओढायचा. दाणेदार कागदावर शाई फक्त उंचवट्यांवर बसते, छटा दिसते पण प्रत्येक ठिपका पूर्ण काळा. मशीनला हेच हवं. हॉट प्रेसवर हे होत नाही, ब्रश घसरतो आणि नुसते पट्टे उमटतात. म्हणून गर्दी आणि आग कोल्ड प्रेसवर, नंदी आणि हात हॉट प्रेसवर. निब दाण्यावर अडकते, तेव्हा कोल्ड प्रेसवर रेघाही ब्रशनंच. गुलालासाठी जुना टूथब्रश, अंगठ्यानं शिंतोडे. बाकी चित्रावर आधी कागद झाकून. भाच्यानं हे काम मागून घेतलं आणि झाकलेला कागद सरकवला, पण गुलाल कुठंही उडतोच.

या फेरीत फोटो टेबलावर ठेवलेच नाहीत. कच्चे आराखडे आणि टेबलावरची कागदाची मारबत समोर, बस्स. हाताची बोटं, दोरीचा पीळ आणि मिशी एवढ्यासाठी शेवटी फोन उघडला. ५ ऑगस्टचं ट्रेसिंग शेजारी ठेवून पाहिलं. त्यात माहिती जास्त आहे, मारबत नाही.

१४ सप्टेंबर

चित्रं छापायच्या आकाराच्या दीडपट काढली होती, ती लहान होऊन छापली जातील. रेघा आणखी बारीक होतात हे धरून सर्वांत पातळ रेघही थोडी जाडच ठेवली. स्कॅन १२०० डीपीआय (इंचाला १२०० ठिपके), नुसतं काळं-पांढरं, ग्रे नाही. ग्रेमध्ये स्कॅन केलं तर कागदाचा पांढरेपणाही फिकट करडा येतो आणि छापताना पूर्ण पानावर धूळ बसल्यासारखी दिसते. ए-थ्री स्कॅनर घरी नाही, महालातल्या दुकानात एका स्कॅनचे ४० रुपये. कोरड्या ब्रशचे काही ठिपके काळं-पांढरं करताना गळाले. काळं कुठवर धरायचं ती पातळी बदलून पुन्हा केलं.

१५ सप्टेंबर

सहाही फाइली पाठवल्या. खर्च: कागद ७२०, शाई आणि दोन निबा ३१०, प्रिंटा ९०, स्कॅन २४०, मेट्रो आणि ऑटो मिळून साधारण ३००. वाया गेलेल्या वॉशच्या चित्रांचा कागद यातच धरलाय, मजुरी धरलेली नाही.

दुपारी संपादकांचा फोन. जाहिरात वाढली, नंदीवालं छोटं चित्र एका कॉलममध्ये बसवावं लागेल, कापलं तर चालेल का? चालेल म्हटलं, पण डावीकडून कापा. उजवीकडं पाटीखाली रुतलेली बोटं आहेत, त्यांना हात लावू नका.